फोनमधील जागा पुन्हा पुन्हा भरते तेव्हा फोटो संगणकावर सुरक्षित कसे उतरवावेत

माझ्या आत्याच्या फोनवर दर तीन-चार महिन्यांनी एकच सूचना येते आणि त्यानंतर मला तिचा फोन येतो, “अरे, हा पुन्हा म्हणतोय जागा नाही, आणि आता तर कॅमेराही उघडत नाही.” आत्याचा फोन ६४ जीबीचा अँड्रॉइड आहे, घरच्या संगणकावर विंडोज आहे, आणि फोटो संगणकावर उतरवून फोन मोकळा करण्याचे काम गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा करावे लागले आहे की त्यातील बहुतेक खाचखळगे मला पायाखालचे झाले आहेत. हे काम मुळात अवघड नाही. ते बिघडते ते घाईमुळे. जागा संपलेली असते, घरातले लग्न दोन दिवसांवर आलेले असते, आणि फोटो संगणकावर नीट पोहोचले की नाही हे पाहण्याआधीच ते फोनमधून पुसले जातात. म्हणून पुढच्या सगळ्या सूचनांमागे एकच आग्रह आहे. फोटो उतरवणे आणि फोटो पुसणे ही दोन वेगळी कामे मानावीत, आणि त्यांच्यामध्ये पडताळणी करावी.

आधी जागा कशाने भरली ते पाहावे

सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज’ उघडल्यावर फोटो, व्हिडिओ, ॲप आणि सिस्टीम यांनी किती जागा घेतली आहे ते वेगवेगळे दिसते. हा तक्ता न पाहताच फोटो पुसायला बसणारे लोक बहुधा चुकीच्या ठिकाणी कष्ट करतात. साध्या १२ मेगापिक्सेलच्या फोटोला साधारण ३ ते ५ एमबी लागतात. उलट, ४के दर्जाचा, सेकंदाला ३० चित्रे टिपणारा व्हिडिओ जुन्या एच.२६४ पद्धतीने साठवला, तर एका मिनिटाला सुमारे ३५० एमबी जातात. म्हणजे नातवाच्या नाचाचा तीन मिनिटांचा एक व्हिडिओ जवळजवळ अडीचशे फोटोंची जागा खातो. आत्या मात्र एकेक फोटो पुसत दुपार घालवते आणि व्हिडिओंना हात लावत नाही, कारण “ते मोजकेच आहेत”.

व्हॉट्सॲपचा हिशेब निराळा मांडावा लागतो. अँड्रॉइडवर आपण पाठवलेल्या फोटोची एक प्रत ‘सेंट’ नावाच्या फोल्डरमध्ये राहते, त्यामुळे कॅमेऱ्याने काढलेला आणि नातेवाइकांच्या गटात पाठवलेला फोटो एकाच फोनमध्ये दोनदा असतो. त्यात रोज सकाळी येणाऱ्या सूर्योदयाच्या आणि गणपतीच्या चित्रांची भर पडते. ती चित्रे संगणकावर जपून ठेवण्याचे काही कारण नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमधील ‘मॅनेज स्टोरेज’ या पर्यायात ५ एमबीहून मोठ्या आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइल वेगळ्या दाखवल्या जातात. तेथून पुसायला सुरुवात केली, तर काही जीबी जागा केबल न जोडताच मोकळी होते.

जागा अगदी शून्यावर आली असेल, तर फोन मंदावतो आणि संगणकाशी त्याचे नीट जमत नाही. अशा वेळी ऑफलाइन पाहण्यासाठी उतरवलेले चित्रपट किंवा एखाद्या मोठ्या ॲपची कॅशे, म्हणजे त्याने तात्पुरती साठवलेली माहिती, काढून एखादा जीबी मोकळा करावा आणि मगच पुढे जावे. ‘क्लिअर कॅशे’ आणि ‘क्लिअर डेटा’ ही बटणे शेजारी असली, तरी त्यांच्या अर्थात जमीन-अस्मानाचा फरक आहे. व्हॉट्सॲपचा डेटा पुसला की फोनमधील गप्पाही जातात. फोन ‘स्वच्छ’ करून देण्याचे आश्वासन देणारी ॲप या प्रसंगी मुळीच घेऊ नयेत. जी जागा शोधायची ती सेटिंग्जमध्येच दिसते, आणि ही ॲप स्वतःच जागा अडवतात.

फोन संगणकावर दिसतच नाही

केबल जोडली, फोन चार्ज होऊ लागला, पण संगणकावर काहीच उघडले नाही, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार आहे. बहुतेक वेळा यात बिघाड नसतो. अँड्रॉइड फोन सुरक्षिततेसाठी आपणहून केवळ चार्जिंगच्या स्थितीत राहतो. फोनचे कुलूप उघडावे, वरून नोटिफिकेशनची पट्टी खाली ओढावी, यूएसबीविषयीच्या सूचनेवर बोट ठेवावे आणि ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे. कुलूप उघडलेले नसेल, तर संगणकावर फोनचे नाव दिसते, पण आतला फोल्डर रिकामा असतो. हे दृश्य पाहून फोटो गेले असे वाटून घाबरलेली माणसे मी पाहिली आहेत.

ती सूचनाच आली नाही, तर संशय केबलवर घ्यावा. स्वस्तातल्या कित्येक केबलमध्ये, तसेच दिवा किंवा पंखा यांच्यासोबत मिळणाऱ्या केबलमध्ये केवळ वीज नेणाऱ्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या तारा नसतातच. अशा केबलने फोन चार्ज होतो, म्हणून ती चांगली आहे असा समज होतो आणि तासभर ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला फोन ओळखायला लावणारा प्रोग्रॅम, शोधण्यात जातो. आमच्या घरी माहिती नेणाऱ्या केबलवर लाल दोरा बांधून ठेवला आहे, आणि या एका दोऱ्याने जितका वेळ वाचवला तितका दुसऱ्या कोणत्याही उपायाने वाचलेला नाही. केबल बदलूनही फोन दिसला नाही, तर संगणकाच्या मागच्या बाजूचे पोर्ट वापरून पाहावे, मधला यूएसबी हब काढून टाकावा, फोनच्या पोर्टमध्ये साचलेले खिशातले तंतू लाकडी काडीने हलकेच काढावेत, आणि शेवटी दोन्ही यंत्रे बंद करून पुन्हा सुरू करावीत. अँड्रॉइड फोन ज्या भाषेत फाइली देतो ती मॅक संगणकाला आपणहून येत नाही. तेथे ओपनएमटीपीसारखे वेगळे ॲप घ्यावे लागते.

कॉपी अर्ध्यावर थांबते

सर्वांत अधिक नुकसान या टप्प्यावर होते, आणि त्याचे कारण समजून घेतल्याशिवाय ते टळत नाही. पूर्वीचे फोन संगणकाला जोडले की पेनड्राइव्हसारखे दिसत आणि त्यांना स्वतःचे ड्राइव्ह अक्षर मिळे. आताचे अँड्रॉइड फोन एमटीपी नावाच्या पद्धतीने बोलतात. या पद्धतीत संगणकाला फोनची साठवण थेट हाताळता येत नाही. तो फोनकडे यादी मागतो आणि फोन एकेक फाइल काढून हातात देतो, रेशनच्या दुकानातल्यासारखी. फोल्डरमध्ये पाच-सहा हजार फोटो असतील, तर केवळ यादी तयार व्हायलाच काही मिनिटे लागतात. तेवढा वेळ वरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकते आणि खिडकी गोठल्यासारखी दिसते. मग माणूस केबल काढतो, पुन्हा जोडतो, आणि यादी पहिल्यापासून सुरू होते. शिवाय ही पद्धत एका वेळी एकच काम नीट करते. कॉपी चालू असताना दुसऱ्या खिडकीतून त्याच फोनमधील फोटो उघडून पाहू लागल्यास दोन्ही कामे रखडतात.

यावर तीन गोष्टी हमखास उपयोगी पडतात. संपूर्ण फोल्डर एकदम न ओढता चारशे-पाचशे फाइलींचे गट करून कॉपी करावी आणि मोठे व्हिडिओ वेगळ्या फेरीत घ्यावेत. फोनचा पडदा ठरावीक वेळाने बंद होण्याची सेटिंग तात्पुरती वाढवावी, कारण काही फोन कुलूप लागताच देवाणघेवाण थांबवतात. आणि फोनमधून थेट बाहेरच्या डिस्कवर न नेता फोटो आधी संगणकाच्या आतल्या डिस्कवर आणावेत, मग तेथून बाहेर न्यावेत; म्हणजे काही अडल्यास कोणती केबल दोषी आहे हे तरी कळते. मोठा व्हिडिओ पेनड्राइव्हवर जातच नाही आणि डिस्कवर जागा असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असे उत्तर मिळते, तेव्हा तो पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीचा आहे असे समजावे. या पद्धतीत ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. आतला मजकूर दुसरीकडे हलवून तो पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावा.

मात्र या सगळ्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘कट’ कधीही वापरू नये. ‘कट’ आणि ‘पेस्ट’ केल्यावर संगणक फाइल आणतो आणि लगोलग फोनमधून पुसतो, आणि संगणकाकडून पुसलेली फाइल फोनच्या ट्रॅशमध्ये जात नाही, संगणकाच्या रिसायकल बिनमध्येही येत नाही. ती थेट नाहीशी होते. मामेबहिणीच्या साखरपुड्याचे व्हिडिओ मी असेच ‘कट’ करून आणत होतो. कोणाचा तरी पाय केबलला लागला. संगणकावर काही व्हिडिओ आले होते, त्यांतले दोन उघडेनात, आणि फोनमध्ये ते उरले नव्हते. आजच्या फोनची आतली साठवण एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक रूपात बदललेली, असल्यामुळे तिच्यातून पुसलेली फाइल परत मिळवणे जवळजवळ अशक्य असते. रिकव्हरीच्या नावाने पैसे मागणाऱ्या प्रोग्रॅमांनी मला केवळ जुन्या लघुचित्रांचा ढीग काढून दिला. बहिणीने मोठ्या मनाने तो विषय सोडून दिला, मी नाही.

कोणते फोल्डर घ्यावेत

कॅमेऱ्याचे फोटो डीसीआयएम या फोल्डरमधील ‘कॅमेरा’ या उपफोल्डरमध्ये असतात, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. तेवढेच नेऊन निश्चिंत होणाऱ्यांना नंतर दिसते की स्क्रीनशॉट ‘पिक्चर्स’मध्ये राहिले आणि बँकेच्या पावत्या ‘डाउनलोड’मध्ये. व्हॉट्सॲपचे फोल्डर तर अँड्रॉइड ११ नंतर जागा बदलून बसले आहे. पूर्वी ते साठवणीच्या पहिल्याच पातळीवर दिसे. आता ‘अँड्रॉइड’, त्यात ‘मीडिया’, त्यात व्हॉट्सॲपचे तांत्रिक नाव असलेले फोल्डर आणि त्याच्या आत ‘व्हॉट्सॲप इमेजेस’, असा प्रवास करावा लागतो. फोनमध्ये मेमरी कार्ड असेल, तर संगणकावर ते फोनच्या साठवणीच्या शेजारी स्वतंत्रपणे दिसते, आणि कॅमेरा त्यावर फोटो ठेवत असेल तर आतला फोल्डर रिकामा दिसणे स्वाभाविक आहे. कार्ड असल्यास ते बाहेर काढून कार्ड रीडरमध्ये घालणे अधिक चांगले, कारण त्यात एमटीपी मध्ये येत नाही.

संगणकावर दर वेळी नवा फोल्डर करावा आणि त्याला वर्ष, महिना आणि फोनच्या मालकाचे नाव द्यावे. सगळे फोटो एकाच जुन्या फोल्डरमध्ये ओतत राहिल्यास एकाच नावाच्या दोन वेगळ्या फाइल समोरासमोर येतात, आणि ‘बदलू की सोडू’ या प्रश्नाला घाईत दिलेले उत्तर एका फोटोचा बळी घेते. शेवटच्या उतरवलेल्या फोटोचे नाव त्याच फोल्डरमध्ये एका साध्या मजकूर फाइलीत लिहून ठेवावे. पुढच्या खेपेस कोठून सुरुवात करायची हे त्यावरून कळते. नाहीतर दर तीन महिन्यांनी सगळे फोटो पुन्हा उतरवले जातात आणि मग संगणकाची डिस्कही भरते.

उतरवल्यावर तारखा विस्कटलेल्या दिसणे हा वेगळा त्रास आहे. विंडोज अनेकदा फाइलीच्या शेजारी कॉपी केल्याची तारीख दाखवते, त्यामुळे दहा वर्षांचे फोटो आजचेच वाटतात. फोटो काढल्याची खरी तारीख कॅमेऱ्याच्या फोटोत आत नोंदवलेली असते आणि कॉपी केल्याने ती पुसली जात नाही. फोल्डरमध्ये ‘डेट टेकन’ हा स्तंभ सुरू करून त्यानुसार क्रम लावावा. व्हॉट्सॲपमधून साध्या पद्धतीने आलेल्या फोटोंतून मात्र ही नोंद काढून टाकलेली असते; त्यांच्या नावातच वर्ष, महिना, दिवस असे आठ आकडे असतात, म्हणून ती नावे बदलू नयेत.

पडताळणी

फोनच्या फोल्डरमध्ये सगळ्या फाइली निवडल्यावर खिडकीच्या तळाशी त्यांची संख्या दिसते. संगणकाच्या फोल्डरमधील संख्या तिच्याशी जुळली पाहिजे. फोनकडची संख्या थोडी अधिक भरली, तर नावाच्या आरंभी टिंब आणि ‘ट्रॅश्ड’ हा शब्द असलेल्या फाइली आहेत का ते पाहावे. गॅलरीतून पुसलेले पण अद्याप कायमचे न गेलेले हे फोटो असतात. संख्या जुळली तरी काम संपत नाही, कारण अर्धवट आलेली फाइलही मोजणीत एकच धरली जाते. आकारानुसार क्रम लावून शून्य केबीच्या फाइली शोधाव्यात, सर्वांत मोठे पाच-सहा व्हिडिओ शेवटच्या मिनिटावर नेऊन चालवून पाहावेत, आणि फोटोंपैकी आरंभीचे, मधले आणि शेवटचे काही उघडावेत. यास दहा-पंधरा मिनिटे लागतात.

त्यानंतर दुसरी प्रत करावी. फोनमधून फोटो पुसल्यावर संगणकावरची प्रत हा बॅकअप राहत नाही. ती एकमेव प्रत होते, आणि डिस्क एके दिवशी बंद पडतेच. बाहेरच्या हार्ड डिस्कवर तोच फोल्डर कॉपी करावा, डिस्क सुरक्षितपणे काढण्याचा पर्याय वापरूनच ती काढावी, आणि शक्य असल्यास ती दुसऱ्या घरी ठेवावी. आत्याची डिस्क माझ्याकडे असते आणि माझी तिच्या कपाटात, पैठणीच्या घडीखाली. पेनड्राइव्हवर कायमची भिस्त ठेवू नये.

पुसताना घ्यायची काळजी

पुसण्याचे काम फोनमध्येच, गॅलरीतून करावे, म्हणजे चूक झाल्यास ट्रॅशचा आधार राहतो. गुगल फोटोजचा बॅकअप सुरू असेल, तर थोडे थांबून विचार करावा. त्या ॲपमध्ये फोटो पुसला की तो फोनमधून आणि गुगलच्या खात्यातून, दोन्हींकडून जातो. केवळ फोनमधील प्रत काढायची असेल, तर त्यातलाच ‘फ्री अप स्पेस’ हा पर्याय वापरावा. बॅकअप झालेल्या फोटोंच्याच फोनमधील प्रती तो काढतो. गुगलच्या मोफत १५ जीबीत जीमेल आणि ड्राइव्हही येतात, आणि १ जून २०२१ पासून कमी आकाराचे फोटोही त्यात मोजले जातात. म्हणून त्या जागेवर सारा भार टाकता येत नाही.

आयफोन असल्यास काही गोष्टी बदलतात. केबल जोडल्यावर ‘या संगणकावर विश्वास ठेवायचा का’ या प्रश्नाला होकार द्यावा लागतो. विंडोजवर कॉपी करताना उपकरण काम करत नाही अशा अर्थाची चूक येऊन सगळे थांबत असेल, तर फोटोंच्या सेटिंग्जमध्ये ‘ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी’ खाली ‘कीप ओरिजिनल्स’ निवडावे. फोन वाटेतच फोटोंचे रूपांतर करण्याच्या खटपटीत अडकलेला असतो. असे केल्यावर फोटो एचईआयसी प्रकारात येतात आणि जुन्या संगणकावर ते उघडण्यासाठी वेगळे विस्तार (एक्स्टेंशन, म्हणजे विंडोजला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) लागतात. ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’ सुरू असल्यास मूळ फोटो फोनमध्ये नसून आयक्लाउडवर असतात, त्यामुळे केबलने काही फोटो येतच नाहीत. ते आयक्लाउडच्या संकेतस्थळावरून उतरवावेत. आयक्लाउड फोटोज सुरू असताना फोनमधून पुसलेला फोटो सगळ्याच उपकरणांवरून जातो, हेही ध्यानात ठेवावे.

भरण्याचा वेग कमी करणे

व्हॉट्सॲपच्या ‘स्टोरेज अँड डेटा’ या विभागात फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रे आपोआप उतरण्याचे पर्याय बंद करावेत. ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करून हेच साधते असा गैरसमज आहे. त्याने फोटो गॅलरीत दिसेनासे होतात, फोनमध्ये मात्र राहतातच. कॅमेऱ्यात व्हिडिओचा दर्जा ४केऐवजी १०८०पी ठेवल्यास मिनिटाचा भार ३५० एमबीवरून साधारण १३० एमबीवर येतो, आणि फोनच्या पडद्यावर पाहणाऱ्याला फरक जाणवत नाही. एवढे दोन बदल केल्यावर आत्याचा फोन तीन महिन्यांऐवजी आठ महिन्यांनी आला.

सगळे करूनही स्टोरेजचा आकडा तितकाच दिसत असेल, तर ट्रॅश रिकामा झालेला नाही असे समजावे. गुगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस आणि न झालेले ३० दिवस राहतात. आयफोनच्या ‘रिसेंटली डिलीटेड’मध्येही ३० दिवस राहतात, आणि तोवर ते जागा अडवतात. फोनच्या स्वतःच्या गॅलरीचा आणि फाइल पाहण्याच्या ॲपचा ट्रॅश अनेकदा वेगळा असतो; तोही उघडून पाहावा. दुसरी प्रत झाली असेल, तर हे सगळे ट्रॅश रिकामे करून फोन एकदा बंद करून सुरू करावा, म्हणजे आकडा बदललेला दिसतो. दुसरी प्रत झाली नसेल, तर ट्रॅशला हात लावू नये.